तीन मापं, एक पक्षी: न्यूझीलंडच्या मोआचं प्रकरण

2003 सालापर्यंत न्यूझीलंडच्या महाकाय मोआच्या तीन जाती मानल्या जात होत्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर दोनच उरल्या. शेवटचा मोआ मरून तोवर पाच-सहाशे वर्षं उलटली होती. संग्रहालयांतली हाडं जिथल्या तिथेच होती आणि त्यांची मापंही तीच होती. मग एक जात गेली कुठे?

वर्गीकरणशास्त्र शिकवताना मी हे प्रकरण दर वर्षी घेतो. जीवाश्मावरून जात ठरवताना माणूस कुठे घसरतो, हे याच्याइतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. घसरणारी माणसं हुशार होती आणि मेहनतीही होती. त्यांची मापं अचूक होती. चूक मापात नव्हतीच, मापाचा अर्थ लावण्यात होती.

आधी पक्ष्याची ओळख. मोआ हा न उडणारा पक्षी, पण शहामृग किंवा एमू उडत नाहीत तसा नव्हे. शहामृगाला पंख आहेत, धावताना तो ते पसरतो. एमूलाही छोटेसे का होईना, पंख आहेत. मोआच्या सांगाड्यात पंखाचं एकही हाड नाही. छातीच्या पिंजऱ्यापुढे मान आणि खाली पाय, बाकी काही नाही. न्यूझीलंडवर माणूस पोचण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवरचे सस्तन प्राणीच नव्हते, त्यामुळे हरणं-गुरांनी जे चरायचं ते तिथे मोआ चरत होते. त्यांच्यातला सर्वांत मोठा तो डायनॉर्निस. पाठीपाशी सुमारे 2 मीटर, मान वर ताणली तर साडेतीन मीटरच्या पुढे, वजन 240 किलोच्या घरात. आपल्याकडच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत त्याला सहज डोकावता आलं असतं.

या पक्ष्याची पहिली खूण विज्ञानाच्या हाती आली ती 15 सेंटिमीटर लांबीच्या हाडाच्या तुकड्याच्या रूपात. 1839 साली जॉन रूल नावाच्या सर्जनने तो लंडनमध्ये प्राण्यांच्या शरीररचनेचा जाणकार रिचर्ड ओवेन याच्याकडे नेला. दोन्ही टोकं तुटलेली, मधला दांडाच काय तो शिल्लक. ओवेनला प्रथमदर्शनी वाटलं, जेवणाच्या टेबलावर येतं तसलं बैलाचं नळीचं हाड असणार. पण त्याने संग्रहातले सांगाडे एकेक करून शेजारी धरून पाहिले. बैल जुळेना, घोडा जुळेना, सस्तन प्राण्यातलं काहीच जुळेना. हाडाच्या आतली जाळी पक्ष्याच्या हाडासारखी होती. 12 नोव्हेंबर 1839 रोजी झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने सांगून टाकलं, की न्यूझीलंडमध्ये शहामृगाच्या तोडीचा एक अवजड पक्षी होता, कदाचित अजूनही असेल. पुढची तीन वर्षं त्याच्याकडे या तुकड्याखेरीज काही पुरावा नव्हता. 1843 मध्ये मिशनरी विल्यम विल्यम्स यांनी पाठवलेली हाडांची पेटी लंडनला पोचली आणि ओवेनचा शब्द खरा ठरला. त्याने पक्ष्याला नाव दिलं डायनॉर्निस. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने 'डायनोसॉर' हा शब्द घडवला होता. दोन्हींच्या सुरुवातीला तोच ग्रीक शब्द आहे, भयंकर किंवा प्रचंड या अर्थाचा.

हाडं येऊ लागली तशी ती मोठी, मधली, लहान अशी निघू लागली. ओवेनने जे केलं ते त्या काळी कुणीही केलं असतं. त्याने मापाप्रमाणे जाती पाडल्या. 1844 सालची त्याची नावंच पाहा. एक 'जायगँटियस', म्हणजे राक्षसी. एक शहामृगासारखा, एक एमूसारखा, एक डोडोसारखा आणि एक चक्क माळढोकासारखा. नावं कसली, ओळीने लावलेली मापंच ती. यातल्या माळढोकासारख्या म्हटलेल्याचं पुढे काय झालं ते सांगण्याजोगं आहे. तो मोआ नव्हताच. तो आज अ‍ॅप्टॉर्निस या नावाने ओळखला जातो, सारस आणि पाणकोंबडीच्या गणातला न उडणारा पक्षी. माप हाच निकष धरला की पहिल्याच पिढीत काय होतं, याचा हा नमुना.

पुढे हाडांचा पूर आला. 1866च्या सुमारास कँटरबरी प्रांतातल्या ग्लेनमार्क इथे मेंढ्यांच्या कुरणातली दलदल उपसताना मोआची हाडं अक्षरशः ढिगांनी निघाली. यूलियस फॉन हास्ट या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाने ती क्राइस्टचर्चला आणली, सांगाडे जोडले आणि जगभरच्या संग्रहालयांना पाठवून बदल्यात तिकडच्या वस्तू मागवल्या. क्राइस्टचर्चचं कँटरबरी म्युझियम बऱ्याच अंशी मोआच्या हाडांच्या देवघेवीवर भरलं. या व्यवहाराची एक किंमत होती. दलदलीत अनेक पक्ष्यांची हाडं एकमेकांत मिसळलेली असतात. एकाचा पाय, दुसऱ्याची मान, तिसऱ्याची कवटी असे सांगाडे उभे राहिले. कुठलं हाड कुठल्या पक्ष्याचं याचा धागा तुटला, की मागे उरतं ते फक्त माप.

आणि प्रत्येक नव्या अभ्यासकाला नवं माप सापडत गेलं. रिचर्ड लिडेकर यांचं नाव आपल्याकडे शिवालिक टेकड्यांतल्या जीवाश्मांमुळे ठाऊक आहे, ते बरीच वर्षं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. त्यांनीही ब्रिटिश म्युझियमच्या पक्षी-जीवाश्मांची यादी 1891 मध्ये करताना मोआची वर्गवारी लावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोआच्या जाती तीसच्या वर गेल्या होत्या. नंतर छाटणी सुरू झाली आणि शतक संपेपर्यंत आकडा अकराच्या आसपास आला. त्यात डायनॉर्निसच्या तीन: लहान स्ट्रुथॉइडिस, मधली नोव्हेझीलँडिई, मोठी जायगँटियस. या तिन्ही जाती उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बेटांवर राहत, असं धरलं जाई.

यातला फरक थोडाथोडका नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. लहान म्हणून ओळखला जाणारा मोआ हा मोठ्याचं पिल्लू असेल, ही शंका पहिल्यांदा मनात येते. पण वाढत्या पक्ष्याच्या हाडाची टोकं जुळलेली नसतात आणि पृष्ठभाग सच्छिद्र, खरबरीत असतो. लहान डायनॉर्निसची हाडं पूर्ण जुळलेली, घट्ट, म्हणजे प्रौढाचीच होती. एकाच दलदलीत, एकाच थरात, दोन प्रौढ पक्षी, एक दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचा. अशा दोघांना एकच जात कोण म्हणेल? मोआच्या काही जोड्यांत नर-मादीचा फरक असावा असं 1970च्या दशकात बोललं गेलं होतं, पण डायनॉर्निसमधली तफावत इतकी मोठी, की तिथपर्यंत तर्क ताणायला कुणी धजावलं नाही.

मला इथे थांबून वर्गात एक प्रश्न विचारायची सवय आहे: या हाडांच्या लेबलांवर कुठली गोष्ट लिहिलेली नाही? ठिकाण आहे. तारीख आहे, शोधणाऱ्याचं नाव आहे, जात आहे. मुलं बराच वेळ पाहत राहतात. मग कुणीतरी म्हणतं, "सर, नर की मादी ते नाही."

ते नव्हतं, कारण हाडावरून ते कळतच नव्हतं. आणि गंमत अशी की डीएनएवरूनही ते सहजासहजी कळणार नव्हतं. पक्ष्यांत लिंग ठरण्याची रीत आपल्या उलट असते. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. चिमणी किंवा पोपट असता तर रक्ताच्या थेंबावरून किंवा पिसावरून नर-मादी सांगणारी चाचणी केव्हाचीच हाताशी होती. पण मोआ ज्यात मोडतो त्या शहामृग, एमू, किवी या न उडणाऱ्या पक्ष्यांच्या गटात झेड आणि डब्ल्यू एकमेकांसारखीच आहेत, त्यांच्यात फारसा फरकच पडलेला नाही. नेहमीची चाचणी त्यांच्यापुढे गप्प बसते. न्यूझीलंडमध्ये लिऑन ह्यूनन आणि डेव्हिड लँबर्ट यांच्या गटाने डब्ल्यू गुणसूत्रावरचा, केवळ मादीतच सापडणारा एक तुकडा शोधून काढला आणि 2002 मध्ये या गटासाठी चाचणी तयार केली. किवीसारख्या पक्ष्यांत नर-मादी नुसतं पाहून ओळखणं कठीण जातं, तिथे ही चाचणी उपयोगी होती. पुढच्याच वर्षी ती मेलेल्या मोआला लावली गेली.

हे काम हाताने कसं होतं ते थोडं सांगतो. हाडाचा वरचा थर खरवडून टाकायचा, कारण गेल्या दीडशे वर्षांत त्याला हात लावलेल्या प्रत्येकाचा डीएनए तिथे चिकटलेला असतो. मग आतल्या कठीण भागातून ड्रिलने थोडी भुकटी काढायची. खोली वेगळी, अंगभर सूट, दोन-दोन हातमोजे. शक्यतो जिथे हल्लीच्या पक्ष्यांचा डीएनए कधी हाताळलेला नाही अशी जागा. भुकटीतून निघतो तो डीएनए तुकड्या-तुकड्यांचा, शेकड्यात मोजण्याइतक्या अक्षरांचा. त्यात मादीचा तुकडा सापडला तर प्रश्न मिटला, ती मादी. नाही सापडला तर? पक्षी नर असू शकतो, किंवा डीएनएच सडून गेलेला असू शकतो. शून्य उत्तराचे दोन अर्थ होतात. म्हणून त्याच भुकटीतून नर-मादी दोघांतही असणारा दुसरा एक तुकडाही काढून दाखवावा लागतो. तो मिळाला आणि मादीचा मिळाला नाही, तरच नर म्हणायचं. या एका पायरीवाचून सगळा निकाल कोसळला असता, आणि विद्यार्थी नेमकी हीच पायरी उत्तरपत्रिकेत विसरतात.

सप्टेंबर 2003 मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक ऑक्सफर्डच्या मायकेल बन्स आणि अ‍ॅलन कूपर यांच्या गटाचा, त्यात मोआच्या हाडांचे जाणकार ट्रेव्हर वर्दीही होते. दुसरा ह्यूनन-लँबर्ट यांचा, कँटरबरी म्युझियमच्या पॉल स्कोफिल्ड यांच्यासह. दोघांचं उत्तर एकच निघालं.

आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए आधी पाहिला गेला. तीन खऱ्या जाती असत्या तर लहान लहानांत, मोठे मोठ्यांत असे तीन गट पडले असते. पडले ते दोनच, आणि तेही बेटांप्रमाणे. दक्षिण बेटावरचा ठेंगणा डायनॉर्निस त्याच बेटावरच्या राक्षसी डायनॉर्निसला सख्ख्या नातलगासारखा जवळचा, पण उत्तर बेटावरच्या आपल्याएवढ्याच ठेंगण्याला दूरचा. मग लिंगचाचणी. लहान, म्हणजे स्ट्रुथॉइडिस म्हटलेले सगळे नर. मधले आणि मोठे म्हटले ते माद्या.

मधल्या आणि मोठ्या अशा दोन जाती का पडल्या होत्या, याचं उत्तरही यातच आहे. माद्यांचं आकारमान जागेप्रमाणे बदलत होतं. एका अधिवासातल्या माद्या आडव्यातिडव्या, दुसरीकडच्या त्यामानाने आटोपशीर. ओवेनपासून सगळ्यांनी नरांना एक जात केलं आणि माद्यांना दोन. आज उत्तर बेटाचा डायनॉर्निस नोव्हेझीलँडिई आणि दक्षिण बेटाचा डायनॉर्निस रोबस्टस अशा दोनच जाती मानल्या जातात आणि मोआच्या एकूण नऊ. सर्वांत मोठ्या माद्या सर्वांत मोठ्या नरांच्या दीडपट उंच आणि 2.8 पट वजनाच्या होत्या. मादी मोठी आणि नर लहान असण्याची याहून टोकाची तफावत पक्ष्यांत दुसरीकडे कुठे माहीत नाही.

मादी मोठी असणं हेच मुळी आपल्याला चमत्कारिक वाटतं, कारण डोळ्यांसमोर मोर आणि कोंबडा असतो. पण महाराष्ट्रातल्या तळ्यांवर शिंगाड्याच्या, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. त्याच्यात मादी नराहून मोठी असते. ती अंडी घालून पुढच्या नराकडे निघून जाते, आणि अंडी उबवणं, पिलं सांभाळणं हे सगळं नर करतो. रंगीत पाणलाव्यातही मादी नराहून भडक रंगाची, आणि घरटं नराच्या माथी. किवीत मादी मोठी असते आणि तपकिरी किवीची अंडी बहुतेक नरच उबवतो. एमू आणि रिया यांच्यातही उबवणारा बाप. म्हणजे मोआच्या जवळच्या-दूरच्या नातलगांकडे नुसतं पाहिलं असतं, तरी शंका यायला जागा होती. हाडांच्या अभ्यासकांनी जिवंत पक्ष्यांकडे जरा अधिक पाहिलं असतं तर, असं मला नेहमी वाटतं. ही तक्रार मी आमच्या विभागातही करत असतो.

एकदा नर-मादी ओळखता येऊ लागले, की जुन्या हाडांनी नवी कोडी घातली. नॉर्थ कँटरबरीतल्या पिरॅमिड व्हॅली आणि बेल हिल व्हिनयार्ड या जुन्या सरोवर-दलदलींतली हाडं तपासली तर माद्या नरांच्या कित्येक पट निघाल्या. पण पिलांमध्ये प्रमाण जवळपास सारखं होतं. म्हणजे जन्मताना समसमान, आणि प्रौढपणी दलदलीत रुतून मरणाऱ्या बहुतेक माद्या. अवजड माद्या चिखलात जास्त रुतत होत्या? की पाण्याकाठची चांगली जागा त्यांनी आपल्या ताब्यात ठेवली होती आणि नरांना दूर राहावं लागे? की अंडी उबवत बसलेले नर त्या मोसमात इकडे फिरकतच नसत? मला दुसरी शक्यता पटते, पण ती माझी पसंती आहे, पुरावा नव्हे.

याच परिसरातल्या मोआंच्या हाडांनी आणखी एका प्रश्नाचं उत्तर दिलं. डीएनए किती वर्षं टिकतो? पाच किलोमीटरच्या टापूतल्या तीन ठिकाणची, सुमारे 600 ते 8,000 वर्षं जुनी मोआच्या पायांची 158 हाडं तपासून मॉर्टेन अ‍ॅलेनटॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हिशेब मांडला. सरासरी 13 अंश तापमानात मायटोकाँड्रियाच्या 242 अक्षरी तुकड्याचं अर्धआयुष्य 521 वर्षं. दर 521 वर्षांनी निम्मं शाबूत, निम्मं तुटलेलं. थंड देशातले मोआ या दृष्टीने नशीबवान. आपल्याकडच्या उष्ण जमिनीत हे गणित फार कडक होतं. तरीही शहामृगाच्या अंड्याच्या कवचांनी भारतातही साथ दिली आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या कवचाचे तुकडे सापडले, त्यातल्या एकावर माणसाने रेघांची नक्षी कोरलेली आहे, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची. भारतात शहामृग होता यावर एकेकाळी शंका घेतली जाई. 2017 मध्ये रुरकी आयआयटी आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेच्या संशोधकांनी भारतात मिळालेल्या अशाच जुन्या कवचांतून डीएनए काढला आणि तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. मोआच्या हाडांसाठी घासून तयार झालेली हीच वाट होती.

मोआ मात्र हवा बदलून किंवा म्हातारपणाने संपले नाहीत. सन 1300च्या जरा आधी पॉलिनेशियातून होड्यांनी माणसं आली आणि दीडशे-दोनशे वर्षांच्या आत सगळे मोआ गेले. अ‍ॅलेनटॉफ्ट यांच्याच गटाने 2014 मध्ये चार जातींच्या डीएनएवरून दाखवलं, की माणूस येण्याआधीच्या चार हजार वर्षांत त्यांची संख्या ढासळत असल्याची काही खूण नव्हती. दक्षिण बेटावरच्या वायराऊ बारसारख्या पहिल्या वसाहतींत मोआची हाडं आणि अंड्यांची कवचं चुलीपाशी पडलेली सापडतात. मोठा पक्षी मारला जात होता आणि घरट्यातलं अंडंही उचललं जात होतं.

त्या अंड्याकडे पाहिल्यावर या प्रकरणाचा शेवटचा दुवा जुळतो. कायकोउरा इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घराचा पाया खणताना एका दफनासोबत मोआचं अखंड अंडं मिळालं, ते वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. लांबी 24 सेंटिमीटर. डायनॉर्निसच्या कवचाची जाडी सुमारे 1.4 मिलिमीटर, म्हणजे एवढ्या मोठ्या अंड्याला फारच पातळ. त्यावर 240 किलोचा पक्षी बसला तर अंडं फुटायचंच. 2010 मध्ये ह्यूनन आणि लँबर्ट यांनी कवचांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून डीएनए खरवडला. उबवणाऱ्याच्या पोटाची कातडी तिथे घासली जाते, तिचा अंश कवचाला चिकटून राहतो. लिंगचाचणी तीच, मादीचा तुकडा शोधणारी. तपासलेल्या कवचांवर तो सापडला नाही. घरट्यात बसलेला होता तो ठेंगणा नर, ज्याला दीडशे वर्षं आपण वेगळी जात म्हणत होतो.